किनाऱ्यापासून लांब राहायचं

कोल्हापूरच्या माणसाचं आणि समुद्राचं नातं तसं शनिवार-रविवारचं. आंबा घाट उतरायचा नाहीतर गगनबावड्यावरनं करूळ घाटानं खाली जायचं, गणपतीपुळे नाहीतर मालवण, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो, सुरमईची थाळी, वर दोन ग्लास सोलकढी आणि रविवारी संध्याकाळी गाडी परत घाटाला. गाडी थांबते तिथं आपला समुद्र सुरू होतो आणि गाडी वळली की संपतो. त्यात वाईट काय नाही, मी पण आयुष्यभर हेच केलं. पण अलीकडं काही वर्षं एका छोट्या शिडाच्या बोटीवर अधूनमधून जायला मिळतंय आणि त्यामुळं माझं एक मत झालंय, रस्त्याच्या टोकाला उभं राहून आपण जो कोकणचा किनारा बघतो तो त्याची पाठ आहे. तोंड पलीकडं आहे. पाण्यावरनं बघितल्याशिवाय ते दिसत नाही आणि ते किल्ले तिथंच का बांधले हेबी कळत नाही.

तसं बघायला गेलं तर पाण्यानंसुद्धा आपल्याला समुद्राकडं पाठच करायला लावलीय. गगनबावड्याच्या धारेवर उभं राहिलं तर अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर असेल, पण तिथं वरच्या अंगाला पडलेला पाऊस कुंभीत येतो, कुंभीतनं पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा सगळा दौरा करून बंगालच्या उपसागरात जातो. म्हणजे शेजारच्या घरचा दरवाजा सोडून पार दुसऱ्या गावाला. आणि बोट म्हणाल तर आमच्याकडं बोट दिसली म्हणजे महापूर आला. २०१९ ला आणि परत २०२१ ला चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत लोकांनी ज्या रबरी बोटी बघितल्या त्याच बऱ्याच जणांच्या आयुष्यातल्या पहिल्या बोटी. त्यामुळं मी बोटीवर चाललोय म्हटल्यावर आमच्या आईचा पहिला प्रश्न "का, काय झालं?" हा होता.

मी बोटीपर्यंत पोचलो ते धंद्यामुळं. आमची छोटी फौंड्री आहे. रत्नागिरीचे एक गृहस्थ, मर्चंट नेव्हीतनं इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, त्यांच्या बोटीवरची दोर अडकवायची क्लीट तुटली होती आणि तसली नवी मिळेना, म्हणून कुणीतरी त्यांना कोल्हापूरच्या उद्यमनगरचा, म्हणजे आमच्या फौंड्र्यांच्या भागाचा, रस्ता दाखवला. तुटका तुकडा हातात घेऊनच आले. मी म्हटलं पितळेत ओतून देतो, स्वस्तात होईल, तर ते म्हणाले अहो पितळ नको, समुद्राच्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि वरनं चकचकीत दिसणारी वस्तू आतनं भुसभुशीत होते, मला गनमेटलच पाहिजे. अठ्ठ्याऐंशी टक्के तांबं, दहा कथील, दोन जस्त. एवढं बरोबर सांगणारं गिऱ्हाईक वर्षातनं एखादंच येतं, चहा झाला, जेवण झालं, आणि वस्तू तयार झाल्यावर कुरिअर कशाला, मीच घेऊन येतो म्हटलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीबी म्हणतो. ते मला अजून "अहो कोल्हापूरकर" असंच म्हणतात.

बोट अठ्ठावीस फुटी. फायबरची, एक डोलकाठी, मागं मोठं शीड आणि पुढं तिकोनी छोटं शीड, आत चार माणसं कशीबशी झोपतील अशी जागा, एक स्टोव्ह जो बिजागरीवर झुलतो म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं, आणि पायरीखाली एक छोटं डिझेल इंजिन. हे सगळं ठीक आहे, पण माझा जीव जडला तो खालच्या भागावर. बोटीच्या पोटाखाली बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक मोठा पंखा असतो, कील म्हणतात. ह्या बोटीचं एकूण वजन साधारण तीन टन, त्यातलं सव्वा टन नुसतं बीड! मोठ्या बोल्टांनी बोटीच्या तळाला आवळलेलं. वारा शिडाला ढकलतो, बोट कलते, आणि ही कील खालनं तिला परत सरळ ओढते. शिवाय बोट बाजूला घसरू देत नाही, त्यामुळं आडव्या वाऱ्यातसुद्धा बोट पुढंच जाते. शिडाचं कौतुक सगळे करतात, फोटो शिडाचेच निघतात, पण काम निम्मं पाण्याखालच्या बिडाचं आहे. फौंड्रीवाल्याला हे ऐकून किती बरं वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

पण ह्या कीलमुळंच एक अडचण पण आहे, बोटीला किमान दीड मीटर पाणी लागतं. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. समुद्राचे नकाशे आपल्याकडं देहरादूनला तयार होतात, डोंगरात, हे मला लई मजेशीर वाटलं, आणि नकाशे चांगलेच असतात, पण सरकता दांडा नकाशात पकडून ठेवणार कसा. म्हणून खाडीत शिरायचं म्हणजे भरती बघून शिरायचं आणि शिरायच्या आधी गावातल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला, फोन करून विचारायचं की यंदा पाणी कुठनं आहे.

भरतीचं गणित मात्र मला पटकन जमलं आणि ह्याचं श्रेय पंचगंगेला. पावसाळ्यात कोल्हापूरचा प्रत्येक माणूस सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस फूट धोका, हे पोरांनासुद्धा पाठ असतं. पाण्याची उंची बघून दिवसाचं ठरवायची सवय आम्हाला आहेच. फरक एवढाच की आमचं पाणी चढायला दोन दिवस आणि उतरायला आठवडा लावतं, समुद्र सव्वासहा तासांत चढतो आणि तेवढ्याच वेळात उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळं पाऊण-एक तास उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन, तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण मोबाईल बंद पडला तर एवढ्यावर काम चालतं. आणि हे पाणी सगळीकडं सारखं चढत नाही, मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार-पाच मीटर आणि गोव्याला दोन-सव्वादोन मीटरच. रत्नागिरी मधे, म्हणून आकडापण मधला.

नांगर टाकायचं गणितपण ह्याच्यावरच. नांगर जड आहे म्हणून बोट थांबते असं मला वाटायचं, तर तसं नाही, साखळी पाण्याखाली जमिनीवर आडवी पडली पाहिजे, म्हणजे ओढ आडवी लागते आणि नांगर चिखलात रुततो. खोलीच्या पाचपट तरी साखळी सोडायची. पाच मीटर पाणी, वर बोटीच्या नाकाची उंची एक मीटर, रात्री भरतीनं अजून दोन मीटर चढणार, झाले आठ, म्हणजे चाळीस मीटर साखळी. आताचं पाणी बघून साखळी सोडली तर रात्री दोन वाजता बोट फिरायला निघते. अण्णा एवढं एक काम दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

आता किनाऱ्याचं सांगतो. रत्नागिरीतनं बाहेर पडताना उजव्या हाताला रत्नदुर्गाचं टोक, वर दीपगृह, आणि त्या टोकाच्या आडोशाला बंदर. टोक ओलांडून तीन-चार मैल बाहेर गेलं की अण्णा म्हणतात, आता इथनंच खाली, म्हणजे दक्षिणेला, जायचं. मला पहिल्यांदा वाटलं होतं की किनारा बघत बघत कडेकडेनं जायचं असेल, फिरायला आलोय न्हवं! तर अण्णांनी एका वाक्यात विषय मिटवला, "अहो, समुद्रात पाण्याची भीती नसते, जमिनीची असते." आणि ते खरंच तसं आहे. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं, दोर तुटला, शीड फाटलं, तर तुमच्याकडं वेळ असतो. चहा करून विचार करता येतो. पण खडकापासून दोनशे मीटरवर असाल आणि वारा त्याच खडकाकडं ढकलत असेल तर वेळ कुठला! कोकणात डिसेंबरपासून मेपर्यंत दुपारचा वारा वायव्येकडनं येतो, म्हणजे समुद्राकडनं जमिनीकडं तिरका, म्हणजे दुपारी हा सगळाच्या सगळा किनारा वाऱ्याखालचा. छोट्या बोटीवाल्याला जमीन आवडते ती लांबनं.

आणि लांबनं ती अशी काय दिसते! गाडीतनं आपण तुकडे बघतो, एक बीच, एक देऊळ, एक घाटी. पाण्यावरनं सगळं एका ओळीत दिसतं. खाली काळाकुळकुळीत बेसॉल्ट, वर तांबडा जांभा, आणि त्याच्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार, सुरीनं कापल्यागत सपाट. पावस, गणेशगुळे, पूर्णगड, मग कशेळीचे कडे, खाली पायथ्याला लाटांनी कोरलेल्या घळी आणि त्यात पाणी शिरलं की पांढरं कारंजं वर, आवाज मात्र आपल्यापर्यंत येत नाही. मैलोन्मैल एक माणूस दिसत नाही. ह्या एवढ्या भिंतीत आत शिरायला फटी मोजक्याच, मुचकुंदीचं तोंड, जैतापूरची खाडी, वाघोटणची खाडी. सह्याद्रीतनं उतरलेल्या नद्या लहान, त्यांची खोरी पुढं समुद्रात बुडाली आणि ह्या खाड्या झाल्या. तर पाण्यावर असताना दिवसभर डोक्यात एकच प्रश्न चालू असतो, आत्ता ह्या क्षणी वारा वाढला तर शिरायचं कुठं. सौंदर्य वगैरे नंतर.

हा प्रश्न डोक्यात घेऊन किनारा बघायला लागलो आणि मग किल्ले कळायला लागले. शाळेत आपल्याला जलदुर्ग शिकवले ते तट, बुरूज, तोफा असे. पण प्रत्येक फटीच्या तोंडाशी एक किल्ला आहे. पूर्णगड मुचकुंदीच्या तोंडाशी, यशवंतगड जैतापूरच्या खाडीवर, विजयदुर्ग वाघोटणच्या. जिथं दमलेला खलाशी संध्याकाळी चारला शिरणार तिथं बरोबर. किनाऱ्यावर पहारा करायला सगळा किनारा लागत नाही, आसरा ज्याच्या हातात समुद्र त्याच्या हातात. निदान मला तरी असं वाटतं, इतिहासवाल्यांनी दुरुस्त करावं.

विजयदुर्ग हे त्यातलं सगळ्यात पटणारं उदाहरण. रत्नागिरीपासून साधारण सव्वीस सागरी मैल, चार-पाच नॉटनं, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, सहा तासांचं काम. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळं आपल्या हिशोबात अठ्ठेचाळीस किलोमीटर, कोल्हापुरातनं निपाणीच्या जरा पुढं, आणि त्याला अख्खा दिवस! दुपारी वाऱ्यानं समुद्र उसळलेला असतो, बोट मागनं येणाऱ्या लाटांवर डोलत असते, माझ्या पोटात भडंग आणि अल्ल्याची वडी सोडून काही टिकलेलं नसतं, आणि तेवढ्यात किल्ल्याची तटबंदी उजव्या हाताला घेऊन आपण खाडीत शिरतो आणि पाणी सपाट. एकदम. जुन्या गॅझेटिअरमध्ये ह्या बंदराबद्दल लिहून ठेवलंय की तोंडाशी दांडा नाही आणि कुठल्याही हवेत आत शिरता येतं. त्या ओळीची किंमत खुर्चीत बसून कळत नाही.

आणि हा किल्ला मूळचा बांधला कुणी म्हणतात, तर शिलाहार राजा भोज दुसरा. म्हणजे पन्हाळ्याचा राजा! बाराव्या शतकाच्या शेवटाला आमच्या पन्हाळ्यावर बसलेल्या माणसाला हे बंदर हेरता आलं आणि आम्ही आठशे वर्षांनी तिथं जाऊन फक्त हापूसच्या पेट्या आणतो. पुढं हाच आंग्र्यांचा मुख्य तळ. वर खाडीत गिर्ये गावाजवळ कातळ फोडून केलेली त्यांची गोदी अजून आहे. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं ह्या शिडाच्या लढाऊ जहाजांना पाणी कमी लागायचं, खाडीत आतपर्यंत पळायच्या, इंग्रजांची मोठी जहाजं बाहेरच राहायची. शेवटी १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी समुद्राकडनं आणि पेशव्यांच्या फौजेनं जमिनीकडनं घेरलं आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या खाडीच्या तोंडाशीच जळालं. पेशव्यांचा राग कितीही बरोबर असला तरी आपलं आरमार आपणच दुसऱ्याला बोलावून जाळायचं हे काही माझ्या गळी उतरत नाही. नांगर टाकून रात्री डेकवर पडलो की किल्ल्याची काळी भिंत दिसते आणि ह्या पाण्याखाली काय काय पडलेलं असेल असं येतंच मनात.

देवगडबद्दल जास्त लिहीत नाही. बंदर छान, चहूबाजूनं झाकलेलं, मासळी ताजी, डिझेल मिळालं, झोप लागली.

मालवण मात्र सोपं नाही. मालवणचा उपसागर खडकांनी जवळजवळ भरलेला आहे. काही वर दिसतात, काही फक्त ओहोटीला, आणि काही कधीच दिसत नाहीत, नुसतं त्या जागचं पाणी वेगळं हलतं. पर्यटक बोटीवाले ज्या बिनधास्तपणे सिंधुदुर्गाला फेऱ्या मारतात ते बघून आपल्याला वाटतं सगळं पाणीच आहे, पण त्यांच्या होड्यांना पाणी लागतं फूट-दोन फूट आणि रस्ता त्यांच्या बापजाद्यांपासूनचा. आम्ही बाहेर शिडं उतरवून इंजिनवर हळूहळू येत होतो, अण्णा सुकाणूवर, मी नाकाशी उभा राहून पाणी बघतोय, ऊन समोरनं असल्यामुळं नुसता चकचकाट, तळ दिसत नव्हता. तेवढ्यात एक मच्छीमार बोट बाजूनं चालली होती, त्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलानं हात हलवून ओरडून सांगितलं, "हय नको, हय नको! भायरसून जावा!" आणि तेवढ्यावर न थांबता बोट वळवून आमच्या पुढं झाला आणि हातानं खूण करत करत आत घेऊन गेला. पैसे विचारले तर हसला, म्हणाला कोल्हापूरचे काय, माझी पोरगी दिलीय तिकडं गारगोटीला. संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवलो.

त्या खडकांच्या मधे कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं, तीन वर्षांत उभा. पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं बखरीत येतं, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला ह्यात पहिला प्रश्न पडतो तो भट्टीचा, ओल्या दगडावर वितळलेलं शिसं ओतलं तर वाफ होऊन उडतं, म्हणजे ओहोटीच्या त्या थोड्या तासांत दगड कोरडा करून, भट्टी जवळ ठेवून, भरती यायच्या आत ओतून मोकळं व्हायचं. कुणीतरी तिथं घड्याळाशिवाय हे जमवलं असणार. तट बघताना लोक महाराजांना नमस्कार करतात, मी करतोच, पण त्या ओतणाऱ्यालापण एक करतो.

आणि मालवणलाच मला ती गोष्ट नीट कळली जी खरंतर कोल्हापुरात राहून मला आधीच माहीत पाहिजे होती असं कुणीही म्हणेल, पण आमच्यात कुणी बोलत नाही. कोल्हापूरला समुद्र होता. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीरच्या छत्रपतींकडं होता, कोल्हापूरचं स्वतःचं आरमार मालवणात होतं आणि इंग्रजांच्या कागदात त्यांना सरळ चाचे म्हटलंय, जसं ते आपल्या वाटेत येणाऱ्या सगळ्यांनाच म्हणायचे. करवीरच्या जिजाबाई राणीसाहेबांच्या काळात, १७६५ मध्ये, इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं, आणि मग सांभाळायचा खर्च परवडेना म्हणून पैशाच्या करारावर परत कोल्हापूरला देऊन टाकला. शेवटी १८१२ च्या तहात मालवण गेलं ते गेलं. म्हणजे गूळ, तालमी, चपला, तांबडा-पांढरा ह्या सगळ्याचा अभिमान आम्ही बाळगतो आणि ज्या गावानं एकेकाळी समुद्रावर जकात मागितली त्या गावात आता शीड म्हटलं की लोकांना रंकाळ्यावरची बोटिंग आठवते. ह्याचा राग नाही, गंमत वाटते. आपल्याला जलतरणातला वीरधवल खाडे देता आला, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला, म्हणजे पाण्याचं वावडं आहे असं नाही. फक्त घाट मधे आला.

खाली जाणं सोपं असतं, वायव्येचा वारा पाठीमागनं असतो. परत वर यायचं म्हणजे त्याच वाऱ्याच्या तोंडात, आणि शिडाची बोट सरळ वाऱ्याच्या तोंडात जाऊच शकत नाही, पंचेचाळीस अंशांच्या आत घेतली की शीड नुसतं फडफडतं आणि बोट उभी राहते. मग तिरकं एका अंगाला जायचं, वळायचं, परत तिरकं दुसऱ्या अंगाला. करूळ घाट चढताना गाडी जशी डावीकडं-उजवीकडं वळणं घेत वर येते, तसंच. हिशोब केला तर विजयदुर्ग-रत्नागिरीचे सव्वीस मैल सदतीस होतात, आणि समोरनं लाटा, प्रत्येक लाटेला बोटीचं नाक धाडकन आपटतं, आतली भांडी बाहेर, बाहेरची माणसं आत. माझ्याबरोबर एकदा आमच्या फौंड्रीतला पॅटर्नवाला पोरगा आला होता, तासभर हे बघून म्हणाला, "मालक, ते समोरचं दीपगृह मगाशीबी तिथंच हुतं की ओ." होतंच!

ह्याच्यावर जुन्या गलबतवाल्यांचा उपाय होता आणि आम्हीबी तोच करतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडनं समुद्राकडं वाहतो, मतलई वारा, हलका, थंड, त्याला झाडांचा आणि चुलीच्या धुराचा वास असतो. हा वारा बाजूनं लागतो, त्यामुळं वर जायला एकदम चांगला, आणि जमिनीकडनं असल्यामुळं पाणी पण शांत. तर पहाटे चारला नांगर उचलायचा, नऊ-दहापर्यंत जेवढं जाता येईल तेवढं जायचं. मग वारा पडतो, तासभर नुसतं डुलायचं, पोहे करायचे. अकरा-बारानंतर खारा वारा वायव्येकडनं सुरू होतो, दोनपर्यंत जोर धरतो, आणि त्याच्या आत तुम्ही पुढच्या बंदरात पाहिजे. म्हणजे दिवसाचं कामाचं ऑफिस पहाटे चार ते दुपारी एक. हे एवढं पाळलं तर घाट चढतो, नाही पाळलं तर मग इंजिन आहेच, पण अण्णांना इंजिन लावलेलं आवडत नाही, स्वतः जन्मभर इंजिनरूममध्ये काढल्यामुळं असेल.

पहाटेच्या निघण्यात एकच डोक्याला ताप, जाळी. किनाऱ्यालगत रात्री लावलेली जाळी असतात, टोकाला काठीवर एक फडकं, कधी दिवा, बऱ्याचदा दिवा नाही, नुसता प्लॅस्टिकचा रिकामा कॅन तरंगतोय. कील नाहीतर इंजिनचा पंखा अडकला तर आपलं नुकसान आणि त्या माणसाचं त्याहून जास्त, एकेक जाळं म्हणजे त्याचा वर्षाचा संसार. म्हणून एकानं टॉर्च घेऊन नाकाशी बसायचं. हे काम माझं. अंधारात दीपगृहांचे दिवे दिसत असतात, प्रत्येकाची उघडझाप वेगळी, म्हणजे किती सेकंदांनी किती वेळा लुकलुकतंय ते मोजलं की हे जैतापूर की रत्नागिरी ते कळतं. जीपीएस आहे, मोबाईलमध्ये नकाशापण आहे, तरी अण्णा तोंडानं मोजतात आणि मलाबी मोजायला लावतात. मोजून झालं की मग मोबाईल बघायचा, बरोबर आलं की दोघंही काही बोलत नाही, चहा ओतायचा.

हे वाचून कुणालातरी वाटेल की आता जगप्रदक्षिणा! तर तसं डोक्यात काही नाही. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या म्हादेई ह्या शिडाच्या बोटीवर एकटे पृथ्वी फिरून आले, पुढं तारिणीवर सहा मुली फिरल्या, मग २०२४-२५ मध्ये दोघीच जणी, दिलना आणि रूपा. त्या बोटी पण आमच्यापेक्षा दुप्पट लांबीच्या आणि ती माणसं तर वेगळ्याच मातीची. आमचा कार्यक्रम रत्नागिरी ते मालवण, फार तर वेंगुर्ल्यापर्यंत आणि परत. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक म्हणून प्रवाळांचं बुडालेलं पठार आहे, तिथं जायचं अण्णांच्या मनात आहे, पण ते मी घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळं इथं वाचलं असलं तरी तुम्हीपण सांगू नका.

आता तालमीतले दोघं-तिघं आणि धंद्यातले काही जण मागं लागलेत की आम्हालाबी न्या. न्यायला हरकत नाही, अण्णांची पण नाही. तर जमणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच, मेमध्ये विचारू नका, मेअखेरीला बोट बाहेर काढतो आणि कीलचे बोल्ट तपासायचं काम माझ्याकडं असतं. तारीख पक्की मिळणार नाही, वार पण नाही, वारा बघून आदल्या दिवशी फोन येईल, रविवारी परत येऊन सोमवारी मीटिंग असं ज्याचं असेल त्यानं आधीच नाही म्हणावं. लाइफ जॅकेट कितीही गरम झालं तरी काढायचं नाही, पैलवान असला तरी. आधारकार्ड जवळ ठेवायचं, कोस्टल पोलीस विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. ठेचा आणला तर चालेल, बाटली आणली तर अण्णा परत पाठवतात. पोहायला येत नसलं तरी घेऊ, पण उलटी आली की वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा जातो तिकडं, जायचं, वरच्या बाजूला नाही, हे आधी पाठ करून या. आणि कपडे मऊ पिशवीत आणायचे. मागच्या खेपेला एकानं चाकाची मोठी सुटकेस आणली होती, ती रत्नागिरीच्या जेटीवर चहावाल्याकडं ठेवून आम्ही निघालो आणि तो मालवणपर्यंत माझ्या लुंगीवर आला.